चार नंबरची खिडकी

पाकीट घरीच राहिलं, म्हणून तिला मशीनवरचा गणवेश अर्धवट सोडून यावं लागलं. फोनवर नवऱ्याचा आवाज कापत होता. पतपेढीचा हप्ता आजच गेला पाहिजे, जेवणाच्या सुट्टीआधी आणून दे, म्हणाला. तो दाखल्यांच्या कचेरीत कारकून होता. जन्म आणि मृत्यू, दोन्हींवर शिक्का मारायचं काम.

ती कचेरीत शिरली. जिन्याच्या कोपऱ्यात थुंकीचे ओघळ वाळले होते. संडासाचा वास थेट रांगेपर्यंत येत होता, आणि लोक नाकाला रुमाल न लावता उभे होते, इतकी त्यांना सवय झालेली. तीन खिडक्यांसमोर चार-चार माणसं होती. चौथीची रांग मात्र दाराबाहेर गेली होती. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजवाही धूसर होत चाललेला, त्यामुळे तिला पाटीवरचा आकडा दिसेना. हल्ली सुईत दोरा ओवायलासुद्धा शेजारणीला हाक मारावी लागे. हप्ते फिटले की पहिलं तुझं ऑपरेशन, असं नवरा तीन वर्षं सांगत होता.

"ही चार नंबरची ना?" तिने पुढच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"हीच. रांग लांब आहे, पण उभी राहा पोरी. इथं चहापाणी लागत नाही."

म्हातारा जुना हमाल होता. खोली नावावर करायला त्याला बायकोच्या मृत्यूचा दाखला हवा होता. दोन नंबरवाल्याने त्याला पाच खेटे घालायला लावले होते. "बायको मेली हे लिहून द्यायलाही त्याला पैसे पाहिजेत," म्हातारा म्हणाला. "हा चारवाला मात्र देवमाणूस. त्याच्या घरच्यांचं भलं होवो."

घरच्यांनी, म्हणजे तिने, पदर सावरला. नवरा घेत नाही हे तिला ठाऊक होतंच. रोज घरी आला की तो कोपरापर्यंत साबण लावून हात घासायचा आणि म्हणायचा, त्या घाणीत मी हात घालत नाही. पण परक्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घटकाभर तो वाससुद्धा जाणवेना.

एवढ्यात शिपायाचं लक्ष तिच्या हातातल्या पाकिटाकडे गेलं. बंद पाकीट, कोपऱ्यात चारचा आकडा. सहा वर्षं तिच्या शिलाईच्या पैशांतून हे पाकीट भरलं जाई, आणि दर महिन्याला त्यावर तोच आकडा असे. तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा खात्याचा नंबर म्हणून नवऱ्याने वेळ मारून नेली होती. शिपायाने तिला रांगेतून काढलं आणि सरळ हेडक्लार्कच्या खोलीत नेऊन उभं केलं.

हेडक्लार्क जेवत होता. बरबटलेल्या हातानेच त्याने ड्रॉवर ओढला. आत तीन पाकिटं आधीच होती. एक, दोन, तीन, सगळी टम्म फुगलेली. तिने पुढे केलेलं चौथं त्यांच्या शेजारी अगदीच उपाशी दिसत होतं.

"पुढच्या महिन्यापासून दीडपट, सांगा त्याला," तो घास चावता चावता म्हणाला. "इथं येण्यासाठी मी काय मोजलंय ते माझं मला माहीत. ते वसूल करायचं, वर पोचवायचं. नुसत्या पगारात कुणाचं भागतं?"

तिला वाटलं, पतपेढीचे हप्ते हेच साहेब जमा करतात, आणि व्याज वाढलंय. "साहेब, कर्ज अजून किती राहिलंय?"

हेडक्लार्कला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तो पोटभर हसला.

"कर्ज? अहो वहिनी, हे खुर्चीचं भाडं. तुमचे मालक खिडकीवर घेत नाहीत, म्हणून आम्ही सोडायचं की काय? बसायचं तर भरायचं. आणि भाडं कधी फिटतं होय?"

ती बाहेर आली. रांग आणखी वाढली होती, आणि सगळे कसे खुशीत होते. काम फुकट होणार ना! फुकट. या सगळ्यांचं चहापाणी सहा वर्षं ती भरत होती. काजं करून, बटणं लावून, हेम घालून, डोळे फोडून भरत होती. आणि देवमाणूस कोण, तर हा. हेडक्लार्कच्या बरबटलेल्या बोटांची तिला किळस आलीच होती. पण साबणाने घासलेल्या त्या दोन हातांची त्याहून जास्त आली.

म्हाताऱ्याचा नंबर लागला होता. ती पुढे जाऊन खिडकीला खेटून उभी राहिली. आत कारकुनाने शिक्का उचलला होता. त्याने तिला पाहिलं, तिच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग हेडक्लार्कच्या दाराकडे. त्याचा चेहरा उतरला.

तिने म्हाताऱ्यापुढे हात पसरला. "शंभर काढा, बाबा."

"अगं पोरी, चार नंबरला काही लागत नाही."

"लागतं. आजवर मी भरत होते."

म्हाताऱ्याला काही कळेना. त्याने खिडकीत पाहिलं. देवमाणूस आता हिला चांगलं फैलावर घेईल, अशी त्याची खात्री होती. देवमाणसाने मान खाली घातली. मग म्हाताऱ्याने आतल्या खिशातून घामाने ओली झालेली नोट काढली. तो ती कितीतरी वेळ उलगडत बसला.

तोवर शिक्का हवेतच होता. नोट तिच्या मुठीत गेली, तेव्हा तो खाली आला.