फोटोखालचं नाव

"ते नाव उडव आणि छापायला पाठव," बाबा म्हणाले आणि पुन्हा फेऱ्या मारू लागले.

धरणात गेलेल्या आमच्या घराचा एकमेव फोटो मला गावाच्या स्मरणिकेसाठी नेटवर सापडला होता. तो कुणीही वापरावा, फक्त खाली फोटो काढणाऱ्याचं नाव द्यावं, एवढीच अट. आणि तो काढला होता धरणाच्या मोजणीला आलेल्या साहेबांनी.

"घर बुडवणाऱ्याचं नाव घराखाली?" बाबा फणकारले.

आई स्क्रीनवरच्या पडवीवरून बोट फिरवत होती. "निघताना आपण दारं उचकटली, कौलं उतरवली. फोटो काढायचं सुचलं का कुणाला?"

बाबा थबकले. आणखी एक फेरी मारून आले, चष्मा पुसला, स्क्रीनवर वाकले.

"एवढं बारीक कोण वाचणार? मोठं कर."