एक तरी वेगळं

हवामानाची मॉडेलं वेगवेगळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी बनवली, तरी समुद्र वर चढणार यावर सगळ्यांचं एकमत आहे, असं क्लॅरिस टीचरनी वर्गात शिकवलं. शाळा सुटली तरी लविना कॉम्प्युटरसमोरून हलेना. एकामागून एक मॉडेल उघडून ती नकाशावर वर्सोव्यातली आपली गल्ली बघत होती. एकात पाणी लवकर शिरत होतं, दुसऱ्यात जरा उशिरा. कोरडी मात्र गल्ली कुठेच राहत नव्हती.

"टीचर, एक तरी वेगळं सांगत असेल ना?"

"नाही गं. मी सगळी बघितलीत."

"तुम्हाला बरं जमतं असं शांतपणे सांगायला! घर आमचं बुडतंय." लविनाचे डोळे भरून आले.

टीचर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या. "मॉडेल बदलून काय होणार? जगातला धूर कमी करून बघ."

लविनाने धुराचा आकडा खाली आणला. गल्लीतलं पाणी हळूहळू मागे सरलं. तिने डोळे पुसले.

"अजून कमी कर," टीचर हलकेच म्हणाल्या, "आणि नकाशा जरा खाडीपलीकडे ने, मढला. माझं घर अजून पाण्यातच आहे."