पहिल्या अक्षराचा वाटा

उद्या अहेरीहून साहेब तपासणीला येणार होते आणि प्रौढवर्गातल्या वीसही जणांना सही शिकवण्याचा शब्द गुरुजींनी दिला होता. एकोणीस जण तयार होते. म्हाताऱ्या सुकरीच्या पाटीवर मात्र दिवाळीपासून एकच अक्षर होतं, ‘सु’. “म्हातारे, तुझ्याआधी माझी गाय शिकली असती!” असं म्हणत गुरुजींनी पाटी पुसून टाकली. सगळे हसले. सुकरीही हसली. “यंदा येवढंच शिकाचं ठरवलं होतं, गुरुजी. बाकीचं पुढच्या सालाले.” मग तिनं पदराखालून पानांचा द्रोण काढून त्यांच्यापुढे ठेवला. आत मोहफुलं होती. “नवी हायेत. देवाले वाहून झाली, आता तुमचा वाटा. तुमी मले अक्षर देल्लं. देनाऱ्याच्या आधी आमी खात नाई.” गुरुजींनी एक फूल तोंडात घातलं. स्वतःला पहिलं अक्षर शिकवणाऱ्या पंतोजींचं नाव त्यांना आठवत नव्हतं.