न ठिबकणारं झाकण

“बाबा, ऐका माझं. एखादा वकील बघू या,” छाईयुन पेटंट कार्यालयाचा जिना चढता चढता पुन्हा म्हणाली.

“वकील खोट्याला लागतो गं. झाकण माझं आहे, पुरावा माझ्या खिशात आहे!” छ्यू गनफूने छाती थोपटली.

झाकण म्हणजे बाओझी, अर्थात सारण भरलेले पाव, वाफवायच्या बांबूच्या टोपलीचं. आतली वीण त्याने अशी तिरकी बसवली होती, की वाफेचं पाणी कडेने उतरायचं. बाओझीवर थेंब पडायचा नाही. चौदा वर्षं डोकेफोड केली, तेव्हा कुठे जमलं. पेटंट मिळालं आणि गल्लीतल्या अकरा विणकर घरांची चूल त्यावर पेटू लागली. मग मोठ्या कारखान्याने हुबेहूब तेच झाकण प्लॅस्टिकचं काढलं. वर अर्ज ठोकला, की छ्यूच्या झाकणात नवं काही नाही, पेटंट रद्द करा! निर्लज्जपणाची हद्दच.

कारखान्याचा वकील फांग मात्र गोड माणूस. त्याने स्वतः चहा ओतून दिला.

“छ्यूकाका, पेटंटचा अर्ज तुम्ही तीन वर्षांपूर्वी केलात. त्याआधी हे झाकण होतं कशावरून?”

“बघाच आता!”

छ्यूने फोटो टेबलावर ठेवला. छाईयुनचं लग्न. मागच्या लाल कापडावर सोनेरी तारीख, अर्जाच्या दीड वर्ष आधीची. समोर छ्यू, झाकण उलटं धरून पाहुण्यांना आतली वीण दाखवतोय.

“पाहुणे किती होते?”

“तीस टेबलं! अख्खं गाव जेवलं. आमच्याकडे हातची नवी वस्तू लेकीच्या लग्नातच बाहेर काढतात. ज्याने विचारलं त्याला सगळं उलगडून दाखवलं.”

“आणि कळलं त्यांना?”

“न कळायला काय झालं? विणकरांचं गाव आहे!”

फोटो छाईयुननेच शोधला होता, तीन दिवस पेट्या उपसून. तिला बापाचा फार अभिमान वाटला.

फांग वकील खाली बसला. त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी फोटो दोनदा पाहिला. “तारीख पक्की?”

“लेकीच्या लग्नाची तारीख बाप विसरेल होय?” छ्यूने जबाबावर लाल शाईचा अंगठा दाबून उमटवला.

बाईंनी चष्मा काढला. “काका, अर्जाआधीच जी युक्ती गावाने पाहिली, ती कायद्याने नवी नसते. पेटंट रद्द. आता हे झाकण कुणीही बनवावं. कारखान्याकडे याचा एकही पुरावा नव्हता. तो तुम्ही आणून दिलात.”