समुद्रावरची वस्ती

समुद्रावर तरंगणाऱ्या वस्तीचा नमुना वाराणसीच्या विद्यापीठात मांडला होता. लाटांपासून वीज करणारं त्यातलं यंत्र तेजश्रीचं. गंगेवरच्या मुन्शी घाटापुढे मोटरबोटींनी उठणाऱ्या लाटांवर ती कितीतरी वेळा त्याची चाचणी घेत बसली होती. आज पाहुण्यांसमोर तिचं नाव जाहीर व्हायचं होतं. विभागप्रमुख नरहर सरांनी आनंदाने तिच्या हातावर पेढा ठेवला. तो तोंडात टाकत तेजश्री नमुन्यातली घरं, शाळा, देऊळ न्याहाळू लागली.

"सर, यात सफाईवाल्यांची घरं दिसत नाहीत."

"ते किनाऱ्यावरच राहतील. सकाळी बोटीने यायचं, काम उरकून संध्याकाळी परत जायचं."

"पण इथे जागा तर भरपूर आहे की!"

सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, प्रश्न जागेचा नाहीये. एवढी चांगली माणसं तिथे राहायला येणार. त्या लोकांच्या शेजारी कोण राहील? तू राहशील?"

तोंडातला पेढा तेजश्रीने रुमालात थुंकला. वायर तोडून तिने आपलं यंत्र नमुन्यातून उचकटून काढलं, तेव्हा पाहुणेही वळून बघू लागले.

"हे काय चालवलंयस तू?" सर ओरडले.

"सर, माझे बाबा कँट स्टेशनवर झाडू मारतात," ती म्हणाली. "त्यांची बोट संध्याकाळी किती वाजता सुटेल?"