घड्याळजीची बोट

"ही बघ," घड्याळजी म्हणाला आणि मुद्दाम रांगेतल्या सगळ्यात उर्मट बोटीपाशी जाऊन उभा राहिला. लांब, निमुळती, मागे दोन दांडगी इंजिनं. "सुरू झाली की नाक वर करून उडतेच. धरायला मात्र फारसं काही नाही."

बायकोनं बोटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पर्स काखेत घट्ट धरली. त्याला हायसं वाटलं. आता ही "नको बाई" म्हणेल आणि आपण सुटू.

सुटायचं होतं हे खरं. तीस वर्षं त्यानं एकच धोशा लावला होता. दुकान बंद केलं की बोट घ्यायची आणि तलावाच्या पार पलीकडच्या काठापर्यंत जायचं. दुकानात घड्याळांपेक्षा बोटींची चित्रंच जास्त. अडचण एकच होती. बायको लहानपणी फेरीबोटीतून पडली होती, तेव्हापासून ती काठावरसुद्धा पाण्याकडे पाठ करून बसायची. त्यानं कधी जबरदस्ती केली नाही, पण मिनतवाऱ्या पुष्कळ केल्या.

आणि गेल्या वर्षी, तिला न सांगता, तो बोट चालवायच्या परवान्याच्या परीक्षेला बसला. डोळ्यांच्या तपासणीतच नापास झाला. पाण्यातली वाट दाखवणारे लाल आणि हिरवे बोये त्याला एकाच मातकट रंगाचे दिसत होते. जन्माचंच आहे, औषध नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. नापासाचं पत्र त्यानं घरी आणून भिंतीवरच्या जुन्या लंबकाच्या घड्याळात कोंबलं. घड्याळाला घरात आपल्याशिवाय कोणी हात लावत नाही, हा त्याचा हिशेब. लंबक अडला, घड्याळ बंद पडलं, आणि आत हात घालून ते पत्र परत बघायचं त्याच्या जिवावर आलं. बायकोनं विचारलं तेव्हा सुटा भाग मिळत नाही म्हणून त्यानं वेळ मारून नेली. दिव्याखाली अंधार, असं ती हसून म्हणाली आणि विषय संपला.

आज सकाळी तीच म्हणाली होती, चला, बोट बघून येऊ, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. सोक्षमोक्ष म्हणजे नकारच, हे त्यानं धरून चाललं होतं. तिच्या भीतीच्या खांद्यावर बंदूक ठेवून आपण स्वतःची लाज झाकतोय, हे त्याला कळत होतं आणि त्याचं त्यालाच वाईट वाटत होतं. पण इतक्या वर्षांच्या फुशारकीनंतर नापास झालो म्हणून सांगायला तोंड कुठून आणायचं?

दुसरी बोट रुंद होती, चहूबाजूंनी कठडा, वर छत. बोटवाला म्हणाला, हिच्यात माणूस घरच्यासारखा वावरतो. बायकोनं वाकून खालची बाजू पाहिली.

"तळ सपाट आहे," ती म्हणाली. "दुपारी वारा सुटला की लाटांवर आपटत जाईल."

बोटवाल्यानं मान डोलावली. घड्याळजी चाट पडला. मग त्याच्या लक्षात आलं, तीस वर्षं आपण जेवताना दुसरं बोललोय काय? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

तिसरी मधल्या अंगाची होती. तळ खोल, कडा गुडघ्याच्या वर, पुढे दोघांना आडवं होता येईल एवढी केबिन. एकाच टाकीत पलीकडे जाऊन परत येता येईल, असं बोटवाल्यानं सांगितलं. बायकोनं कडेवर तळवा ठेवला. दर बुधवारी ती शिवणाच्या क्लासला जायची, त्या कात्रीनं म्हणे तळव्याला घट्टे पडले होते. सात महिन्यांत एक उशीचा अभ्रा घरी आला नव्हता, घट्टे मात्र आले होते. त्यावरून तो तिला चिडवायचासुद्धा.

"हीच घ्या," ती म्हणाली.

तो घाईनं म्हणाला, "अगं, तुला भीती वाटेल."

"वाटेलच. म्हणून काय झालं?"

ऑफिसात बोटवाल्यानं चहा दिला. त्याला साखरेचा, तिला न विचारताच बिनसाखरेचा. दारातलं म्हातारं कुत्रं उठलं आणि तिच्या पावलांवर हनुवटी टेकून पुन्हा झोपलं. घड्याळजीचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. तो समोर सरकवलेला अर्ज बघत होता.

"चालवणार कोण?" बोटवाल्यानं विचारलं. "परवाना लागेल."

खोटं बोलायला अजून जागा होती. घरी विसरला म्हणता आलं असतं. पण शेजारी ही बाई बसली होती. जन्मभर पाण्याला भ्यायली आणि आज आपल्या हौसेखातर हो म्हणाली. हिला आणखी फसवणं त्याला जमेना.

"माझ्याकडे परवाना नाही," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "गेल्या वर्षी नापास झालो. मला लाल-हिरवं कळत नाही. तू आज नको म्हणशील आणि माझी झाकली मूठ राहील, असं वाटलं होतं मला. चुकलं माझं."

तिनं पर्स उघडली, चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, आणि आतलं एक कोरं करकरीत कार्ड अर्जाशेजारी ठेवलं. बोट चालवायचा परवाना होता. वर फोटो तिचा होता, आणि तारीख मागच्या बुधवारची.

"स्वतः घड्याळजी, आणि घरातलं घड्याळ वर्षभर बंद," ती म्हणाली. "मी ते उघडून बघणार नाही, असं वाटलंच कसं तुम्हाला?"