बाजू संपली

या, जरा जवळ सरका, एक गोड गोष्ट सांगतो. काकांनी घरी कॅसेटवर टेप केलेल्या स्वतःच्या गाण्यांची नवी सीडी त्यांच्या हातात ठेवत दुकानदार म्हणाला, “काका, सगळं लख्ख केलंय. मधेच एक बाई ओरडत होत्या, ‘अहो, बाजू संपली!’ तेवढं कापलं. सीडीला उलटायची बाजूच नसते ना!”

काकांचा चेहरा पडला. “अरे, गाणी कापली असतीस तरी चाललं असतं. माझा सूर कधी लागलाय? सगळं घर हसायचं. माझी बाजू घेणारी ती, तुझी काकू, एकटीच होती, तीही गेली.”

दुकानदाराने नवी सीडी करायला कॅसेट पुन्हा लावली.

मंडळी, गाताना देवाबरोबर त्या काकूंचीही आठवण ठेवा.